तीन तुकड्यांचं टेकडाउन रिकर्व्ह धनुष्य : कळकाची पाती, शिसवी रायझर

टेकडाउन म्हणजे सुटं करता येणारं, आणि रिकर्व्ह म्हणजे पात्यांची टोकं उलटी वळलेली. मापं आधी लिहून ठेवतो. उजव्या हाताचं धनुष्य, लांबी 62 इंच, 28 इंच खेचीवर 38 पाउंड वजन, म्हणजे दोरी तेवढी खेचायला लागणारा जोर. मधला रायझर, म्हणजे मुठीचा न वाकणारा भाग, 460 मिमी आणि त्याच्या दोन टोकांची वाकणारी पाती प्रत्येकी 650 मिमी. पातं रायझरवर 75 मिमी बसतं. तिथे मध्ये एक एम 8 बोल्ट आणि त्याच्या दोन बाजूंना 6 मिमीची एकेक पोलादी पिन. सुटं केलं की सगळं 70 सेंमीच्या पिशवीत मावतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीचा विषयच नाही, त्यामुळे हे धनुष्य फक्त निशाणेबाजीचं. खेळायचं बेअरबोमध्ये, म्हणजे नेम धरायची साइट नाही, तोल धरणारा स्टॅबिलायझर नाही. बेअरबोच्या नियमाप्रमाणे दोरी उतरवलेलं धनुष्य 12.2 सेंमीच्या कड्यातून पार व्हावं लागतं. रायझरची रुंदी ठरवताना हा आकडा समोर ठेवला.

एकसंध धनुष्यात पातं वाकडं चिकटलं तर ते कायमचं तसंच राहतं आणि त्याच्याशी जुळवून घेता येतं. टेकडाउनमध्ये तसं नाही. ते शंभर वेळा सोडायचं आणि शंभर वेळा जोडायचं असतं, आणि दरवेळी दोरी त्याच रेघेवर यायला हवी. त्यामुळे या कामात सगळ्यात जास्त वेळ त्या 75 मिमीच्या बैठकीवर घालवायचा, लाकडाच्या देखणेपणावर नाही, असं सुरुवातीलाच ठरवलं.

16 नोव्हेंबर 2024

पात्यांच्या गाभ्यासाठी कळक हा बांबू घेतला, विदर्भात ज्याला कटांग म्हणतात तो. तीन वर्षांपेक्षा जुना, बुडाकडचा भाग, भिंत 16 ते 18 मिमी जाड. माणवेल हा दुसरा बांबू जवळपास भरीव असतो आणि काठीला उत्तम, पण त्यातून रुंद पट्टी निघत नाही. कळकाचीही थेट 48 मिमी रुंद सपाट पट्टी निघत नाहीच, कारण बांबू गोल. म्हणून 7 मिमी रुंदीच्या कामट्या काढायच्या, त्या आडव्या करून कडेला कड चिकटवायच्या आणि तयार फळीतून पातळ पट्ट्या चिरायच्या.

बाहेरचा हिरवा थर पूर्ण काढला, कारण त्यावर गोंद धरत नाही. आतला मऊ थरही 4 मिमीपर्यंत काढला. ताकद असते ती बाहेरच्या अर्ध्या भिंतीत, जिथे धागे दाट असतात. कामट्या बोरॅक्स 3 भाग आणि बोरिक ॲसिड 2 भाग अशा 5 टक्के द्रावणात चार दिवस बुडवून ठेवल्या. हे टाळलं तर वर्षभरात भुंगेरा लागतो आणि पात्याच्या कडेला बारीक पिठी पडायला लागते. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत उभ्या टांगल्या. वाळायला सहा आठवडे.

4 जानेवारी 2025

पाती चिकटवायचा साचा तयार झाला. 18 मिमी प्लायचे तीन थर, एकूण 54 मिमी रुंद. पहिले 165 मिमी सपाट, पुढे हळूहळू मागे झुकणारा बाक, आणि शेवटच्या 170 मिमीत उलटं वळण, त्रिज्या 150 मिमी. वळणाची त्रिज्या याहून लहान घेतली तर खेच मऊ होते खरी, पण पातं पिळ खायला टपलेलं असतं. पहिल्याच टेकडाउनला फार खोल वळण घेऊ नये.

साच्याचा माथा बाजूच्या पृष्ठाला गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे दर 50 मिमीवर तपासलं. दोन ठिकाणी 0.3 मिमीचा उतार होता. 80 नंबरचा सँडपेपर सपाट ठोकळ्यावर लावून तो काढला. साचा तिरका असेल तर दोन्ही पाती एकाच बाजूला पिळलेली निघतात, आणि मग दोष चिकटवणीत आहे की भोकांत आहे हे शोधण्यात दिवस जातात.

माथ्यावर 1 मिमी सनमायका, त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे गोंद साच्याला धरणार नाही.

12 जानेवारी

पट्ट्या घासल्या. प्रत्येक पात्यात दोन पट्ट्या, बुडाशी 2.55 मिमी, टोकाशी 1.9 मिमी. दर 100 मिमीला 0.1 मिमी उतार. त्यासाठी ड्रम सँडरखालून जाणारी उतरती फळी आधी बनवली. फळीचा उतार चुकला तर सगळ्या पट्ट्या चुकणार, म्हणून तिला अर्धा दिवस दिला.

एका पात्याचा हिशेब, बुडाशी: बाहेरची ग्लासपट्टी 1 मिमी, कळक 2.55, कळक 2.55, आतली ग्लासपट्टी 1. एकूण 7.1 मिमी. टोकाशी 5.8. बुडाच्या सपाट भागात दोन कळकपट्ट्यांच्या मध्ये शिसवी पाचर येते, बुडाशी 8 मिमी आणि 165 मिमीवर शून्य. ग्लासपट्टी म्हणजे सगळे धागे लांबीच्या दिशेने असलेली धनुष्याची खास फायबरग्लास पट्टी. बाजारातलं विणलेलं फायबरग्लास कापड इथे चालत नाही, त्यात निम्मे धागे आडवे पडतात आणि खेचीला काहीच मदत करत नाहीत.

जाडीबद्दल काटेकोर राहावं, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या पटीत बदलतो. 7 मिमीत 0.1 मिमी वाढलं की जाडी दीड टक्क्याच्या आसपास वाढते, पण वजन चार टक्क्यांहून जास्त चढतं, म्हणजे इथे दीड-पावणेदोन पाउंड. दोन पात्यांत हा फरक पडला तर एक पातं दमदार आणि दुसरं ढिलं. चारही पट्ट्या दर 50 मिमीवर व्हर्निअरने मोजल्या, फरक 0.05 च्या आत.

पाचरेचं पातळ टोक कागदासारखं हवं. तिथे 0.4 मिमीची जरी पायरी राहिली तरी पातं वाकताना सगळा ताण त्या पायरीपाशी गोळा होतो. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती पात्यांचं मोडणं इथूनच सुरू होतं.

18 जानेवारी

रायझरसाठी जुन्या शिसवी पलंगाची कडपट्टी. रंधून 460 × 70 × 45 मिमी. इतकं जुनं लाकूड आता हलत नाही, हा मोठा फायदा. नवी शिसव घेतली तर वर्षभर ठेवल्याशिवाय पिनांची भोकं पाडू नयेत.

पात्यांच्या बैठका दोन्ही टोकांना 14 अंशांवर कापल्या. करवतीने 1 मिमी राखून, मग तिरक्या ठोकळ्यावर ठेवून रंधा, शेवटी काचेवर चिकटवलेला 120 चा कागद. दोन्ही बैठकांवर 600 मिमीच्या दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि एका टोकाकडून डोळा लावून पाहिलं. मागची पट्टी पुढच्या पट्टीमागे पूर्ण झाकली गेली पाहिजे. डाव्या बाजूला केसाएवढी फट दिसली. 45 मिमीच्या बैठकीवर ती 0.1 मिमीसुद्धा नसेल, पण 600 मिमी लांब पट्टीमुळे ती दिसते. काचेवर आठ-दहा हात मारल्यावर गेली. या एका तपासणीला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

25 जानेवारी

पहिली चिकटवणी. गोंद इपॉक्सी, अरल्डाइट एडब्ल्यू 106 आणि हार्डनर एचव्ही 953, वजनाने 100 ला 80. एका पात्याला 50 ग्रॅम आणि 40 ग्रॅम. आकारमानाने ते समसमान होतं, पण काट्यावर तोलणं खात्रीचं. ग्लासची खरखरीत बाजू आणि कळक, दोन्ही ॲसिटोनने पुसले. शिसवी पाचर दोनदा पुसली, कारण तिच्यात नैसर्गिक तेल असतं आणि ते तासाभरात पुन्हा वर येतं. पुसलं की वीस मिनिटांत गोंद लागायला हवा.

दाबासाठी पंक्चरवाल्याकडून आणलेल्या मोटरसायकलच्या जुन्या ट्यूब, 30 मिमी रुंदीच्या पट्ट्या कापून. पात्यावर सनमायकाची पट्टी, तिच्यावरून साच्यासकट रबर गुंडाळत जायचं, मधून बुडाकडे आणि मग मधून टोकाकडे.

गरम खोकं: थर्माकोल लावलेली प्लायची पेटी, 100 वॅटचे चार साधे बल्ब, थर्मोस्टॅट 60 अंशांवर. आठ तास.

26 जानेवारी

जोडी बाद. दोन दोष.

पहिला: वरच्या पात्यात कळक आणि ग्लास यांच्यामध्ये 40 मिमी लांबीचा पांढुरका डाग. ग्लास पारदर्शक असल्यामुळे दिसला, काळी असती तर पहिल्या खेचीलाच कळलं असतं. तिथे गोंदच राहिलेला नव्हता. रबराचे थर वळणावर एकावर एक सहा-सात पडले, बाकी ठिकाणी तीन. जास्त दाबाने गोंद पिळून निघाला. शिवाय त्या पट्टीवरचा शेवटचा हात झिजलेल्या सँडपेपरने घासलेला, म्हणून पृष्ठ चकचकीत झालं होतं. चकचकीत बांबू गोंद पीत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघावं: थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा घासायचं.

दुसरा: दोन कळकपट्ट्या गुंडाळताना एकमेकींवरून 2 मिमी बाजूला सरकल्या. ओला गोंद म्हणजे तेलच असतं.

2 फेब्रुवारी

नव्या पट्ट्या. यावेळी नव्या 60 नंबरच्या कागदाने घासून, ब्रशने धूळ काढून, मगच ॲसिटोन. दोन्ही टोकांना, जो भाग पुढे कापून टाकायचा आहे तिथे, 2 मिमीचं आरपार भोक पाडून बांबूची मेख घातली, सगळे थर एका मेखेत. बुडाची मेख घट्ट, टोकाची थोडी लांबट भोकात, कारण साच्यावर वाकताना आतल्या-बाहेरच्या थरांची लांबी जुळत नाही आणि दोन्हीकडे घट्ट धरलं तर मध्ये फुगवटा येतो. रबराचे सगळीकडे बरोबर चार थर, मोजून.

दोन्ही पाती स्वच्छ निघाली. कडेला सगळीकडे गोंदाची सलग मणीमाळ, म्हणजे कुठेही कोरडं नाही.

ग्लासची कड घासताना पाणी लावून वापरायचा सँडपेपर, हातमोजे आणि चांगला मास्क. ही धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नये, आणि ती कातडीवर दोन दिवस खाजते. कोरड्या ग्राइंडरने ग्लास कधीही घासू नये.

9 फेब्रुवारी

भोकं. पात्याच्या बुडापासून 12 मिमीवर पहिली पिन, 38 वर बोल्ट, 64 वर दुसरी पिन. दोन पिनांत अंतर 52 मिमी, आणि पहिल्या पिनेपासून पात्याच्या टोकाची खाच 620 मिमी. म्हणजे पिनेत झालेली चूक टोकाशी जवळपास बारापट दिसते. भोक 0.2 मिमी सरकलं तर टोक 2.4 मिमी सरकतं. हातातल्या ड्रिलने हे काम होणारच नाही.

लेथवाल्याकडून पोलादी जिग, म्हणजे भोकं नेमक्या जागी पाडायचा मार्गदर्शक, करून घेतली: 12 मिमी जाड पट्टी, तीन भोकं, एका बाजूला टेकण्यासाठी कड. हीच जिग आधी रायझरच्या बैठकीवर आणि मग पात्यावर. अंतरात जी काही बारीक चूक असेल ती दोन्हीकडे सारखीच उतरते आणि रद्द होते. रायझरमध्ये बोल्टसाठी पितळी बुश, म्हणजे आट्यांची नळी, आतून एम 8, बाहेरून एम 12, लांबी 25 मिमी, तोही अरल्डाइटमध्ये बसवलेला. शिसवात थेट आटे पाडले तर दहा-पंधरा जोडण्यांत ते चुरगळतात.

पिना रायझरमध्ये कायमच्या, पात्यात सरकत्या. पात्याचं भोक 6 मिमीच्या रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, पुरं केलं. बोटाने दाबून बसलं पाहिजे. हातोडी लागली तर घट्ट, आणि हलवल्यावर टकटक आली तर बाद.

पात्याच्या बुडाला बोल्टच्या डोक्याखाली 3 मिमी हायलम शीटचा, म्हणजे राळेत दाबून केलेल्या कडक पत्र्याचा, तुकडा चिकटवला आणि वर रुंद वॉशर. नुसत्या ग्लासवर बोल्ट आवळला की ती भोकाभोवती तारेसारखी चिरते.

15 फेब्रुवारी

पाती अजून 48 मिमी रुंद, सरळ कडांची, आकार न कापलेली. मुद्दामच तशी ठेवली होती. आता ती रायझरवर बोल्टने बसवली आणि टोकापासून टोकापर्यंत शिवणाचा पांढरा दोरा ताणला, रायझरच्या मध्यरेषेवरून जाईल असा. दोरा वरच्या पात्याच्या टोकाशी मध्यापासून 1.8 मिमी डावीकडे पडला, खालच्या पात्यावर जवळपास मध्यात.

जिग असूनही 1.8 मिमी. पण पातं टोकाशी 48 मिमी रुंद आहे आणि लागणार आहेत फक्त 14. म्हणून पात्याची मध्यरेषा पट्टीच्या मध्यावरून न काढता या दोऱ्याखालून काढली आणि आकार तिच्याभोवती आखला. रायझरवरून निघताना 44 मिमी, टोकाशी 14 मिमी. पात्याच्या बुडाचा आकार थोडा एकीकडे झुकलेला दिसेल, तो पॉलिशमध्ये कुणालाही कळत नाही. आधी आकार कापून मग भोकं पाडली असती तर हे पातं फेकावं लागलं असतं. टेकडाउन करणाऱ्या प्रत्येकाने क्रम हाच ठेवावा: भोक, जोडणी, दोरा, मग करवत.

या पद्धतीत वरचं आणि खालचं पातं एकमेकांच्या जागी चालत नाही. बुडाच्या आतल्या बाजूला वर आणि खाली असं कोरलं.

टोकांना हायलमचे 3 मिमीचे दोन थर, त्यात गोल कानसीने खाचा, टोकापासून 18 मिमीवर. खाचेची कड काचेसारखी गुळगुळीत हवी, नाहीतर दोरीचे धागे कापतात.

22 आणि 23 फेब्रुवारी

दोरी: डेक्रॉन बी-50, 12 धागे, लांबी 58 इंच, म्हणजे धनुष्याच्या लांबीपेक्षा 4 इंच कमी. ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर, 7¾ इंच.

पहिल्यांदा चढवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. खालच्या पात्याच्या वळणावर दोरी मध्यापासून 3 मिमी उजवीकडे. दोरी ज्या बाजूला सरकते ती बाजू ढिली पडलेली असते, म्हणून समोरची, इथे डावी, कड घासायची. 120 चा कागद ठोकळ्यावर, पाचरेपासून वळणापर्यंत लांब हात, दहा हात, मग दोरी चढवून वीस वेळा अर्धी खेच आणि पुन्हा बघणं. घाई केली की दोरी पलीकडे जाते आणि मग दोन्ही कडा घासत वजन उतरत राहतं. चार फेऱ्यांत दोरी मध्यावर.

दुसरी: टिलर, म्हणजे दोन पात्यांच्या वाकण्यातला तोल. वरच्या पात्याचं बुड ते दोरी हे अंतर खालच्यापेक्षा 1 मिमी कमी. दोन बोटांच्या मध्ये बाण धरून सोडणाऱ्याला ते वर 4 ते 5 मिमी जास्त हवं. वरच्या पात्याच्या दोन्ही कडा सारख्या घासून 4 मिमीवर आणलं. ग्लासचा पृष्ठभाग घासून टिलर करू नये, 1 मिमी थरातून धागे कापले जातात.

लटकत्या डिजिटल काट्यावर वजन: सुरुवातीला 28 इंचांवर 41.5 पाउंड. कडा घासून आणि आतल्या बाजूच्या कडा गोल करून शेवटी असं:

24 इंच, 28.5 पाउंड
26 इंच, 33 पाउंड
28 इंच, 38 पाउंड

शेवटच्या दोन इंचांत दर इंचाला अडीच पाउंड. हे तीनच्या वर गेलं असतं तर खेच शेवटाला भिंतीसारखी लागली असती.

8 मार्च

रायझरची मूठ कोरली, बाणाची खिडकी, म्हणजे बाण जिथून जातो ती खाच, मध्यरेषेपलीकडे 3 मिमी कापली. बाणाची बैठक सपाट नाही, मुठीच्या सगळ्यात खोल भागाच्या बरोबर वर तिचा उंचवटा येतो, म्हणजे बाण एकाच बिंदूवर टेकतो. चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात, त्यावर दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) तीन हात. शिसवावर थेट पीयू मारलं तर तेलामुळे ठिकठिकाणी चिकट राहतं, मधला चपडा ते अडवतो. बैठका आणि पिनांवर रंग लागू दिला नाही, तिथे रंगाचा थरसुद्धा माप बदलतो.

रायझर 640 ग्रॅम, सगळं मिळून 1 किलोच्या आसपास. कड्यातून पार झालं.

29 मार्च

500 बाण, त्यात 30 वेळा सुटं करून जोडलं. मध्यरेषेवर दोरी तशीच, टिलर 4 मिमी, वजन 37.5. अर्धा पाउंड उतरणं अपेक्षित होतं, नवी पाती तेवढी बसतातच. वरच्या पात्याच्या पुढच्या पिनेचं भोक जरा सैल वाटलं. फट मोजायची फीलर गेज घातल्यावर 0.05 मिमी. बोल्ट हाताने आवळून वर ॲलन कीचा पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पिना जागेवर धरतात, बोल्ट फक्त उठू देत नाही, म्हणून जोर लावून काही साधत नाही.

12 एप्रिल

उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान 60 अंशांच्या पुढे जाऊ शकतं. हा गोंद गरम खोक्यात पिकवलेला असला तरी तेवढ्या उष्णतेत त्याचा ताठरपणा उतरतो, आणि दोरी चढवलेलं धनुष्य तिथे तासभर राहिलं तर पात्यांचा आकार कायमचा बदलू शकतो. पिशवीला आतून फोमचा थर लावला. पाती सपाट ठेवायची, भिंतीला टेकवून उभी नाही.

पिनांना मधमाशीच्या मेणाचा पातळ हात, पितळी बुशला मशीन ऑइलचा एक थेंब. सैल भोकासाठी 0.05 मिमी जास्त व्यासाची पिन लेथवर करायला दिली आहे. ती बसली की दोरा पुन्हा ताणून वरच्या पात्याचं टोक मोजायचं.